एकच थ्री-पॉइंटर मारलेल्या स्तंभलेखकावर टीका कशी करावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नागपूरला कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळलात, पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघता आणि तिथले माजी खेळाडू व आताचे स्तंभलेखक करीम अब्दुल-जब्बार यांचे लेख नेमाने वाचता. लेब्रॉन जेम्सबद्दल आणि एकूणच आजच्या खेळाडूंबद्दल ते जे लिहितात ते तुम्हाला उपदेशासारखं वाटतं, म्हणून तुम्ही त्यावर टीकालेख लिहायला घेतला आहे. मित्र म्हणतात, ‘ज्याने ३८,३८७ गुण केले त्याच्यावर तू लिहिणार? तुझी पायरी काय?’ तुमच्या मसुद्याचं पहिलं वाक्यही तुम्ही दिलं आहे: ‘ज्याला वीस वर्षांत एकच थ्री-पॉइंटर मारता आला, त्याने आजच्या खेळावर बोलूच नये.’

मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर सत्तावीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी वर्षं माजी खेळाडूंचे स्तंभ संपादित करण्यात गेली. तेव्हा अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचे मित्र आणि तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध बोलताय असं वाटतं, पण दोघांची चूक एकच आहे. मित्र म्हणतात, त्याने गुण केले म्हणून त्याचं लिखाण बरोबर. तुम्ही म्हणता, त्याला थ्री-पॉइंटर जमला नाही म्हणून त्याचं लिखाण चूक. दोघेही गुणफलकाकडे बघताय, लेखाकडे कुणीच बघत नाही. ‘मला टीका करायचा अधिकार आहे का’ हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. नेमकी कशावर टीका करायची आहे, खेळाडूवर की लेखावर, हे अजून ठरलेलं नाही, अडचण तिथे आहे.

ते पहिलं वाक्य बघू. माहिती खरी आहे. करीम यांनी एनबीएत अठरा थ्री-पॉइंटर फेकले आणि त्यातला एकच आत टाकला. पण ज्या रेषेबाहेरून टाकलेल्या फटक्याला दोनऐवजी तीन गुण मिळतात, ती रेषा एनबीएत आली १९७९-८० च्या हंगामात. तेव्हा ते बत्तिशीचे होते, सात फूट दोन इंचांचे सेंटर होते आणि रिंगपाशी उभं राहून सामने जिंकून देणं हे त्यांचं काम होतं. त्या हंगामात अख्खा संघ मिळून सामन्याला सरासरी तीनपेक्षा कमी थ्री-पॉइंटर फेकायचा. आज हाच आकडा पस्तिसाच्या आसपास आहे. म्हणजे तुमचं वाक्य खरं असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय उद्या कुणी तुम्हाला विचारेल, ‘तुम्ही किती टाकलेत?’ आणि वाद तिथेच संपेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगतो. तुम्ही एका लेखावर लिहिताय की एकूण स्तंभलेखनावर? एका लेखावर लिहायचं तर तो लेख चार वेळा वाचणं पुरेसं आहे. ‘ते नेहमी उपदेश करतात’ असं लिहायचं असेल तर ‘नेहमी’ या शब्दासाठी निदान दहा-बारा लेख तारखेनिशी समोर हवेत. शिवाय लेख म्हणून लिहिलेलं कुठलं आणि कार्यक्रमात, मुलाखतीत बोललेलं कुठलं, हेही वेगळं करा. बोलताना निसटलेल्या वाक्याचा जाब विचारता येतो, पण त्यावरून माणसाचं लेखन कसं आहे हे ठरत नाही. तुमच्या प्रश्नात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती आमच्या धंद्यातल्यांना माहीत असते, वाचकांना बहुधा नसते. आपल्याकडे माजी खेळाडूंचे बरेचसे स्तंभ खेळाडू स्वतः लिहीत नाहीत. रात्री साडेनऊला फोन लागतो. ते चार-पाच मिनिटं बोलतात. डाक आवृत्तीची वेळ डोक्यावर असते आणि उपसंपादकाला त्यातून चारशे शब्द उभे करायचे असतात. खाली बारीक अक्षरात ‘शब्दांकन’ म्हणून नाव येतं, कधी तेही येत नाही. एकदा एका माजी क्रिकेटपटूच्या स्तंभात ‘या खेळपट्टीवर फलंदाजाने घाईच करायला नको होती’ असं एक वाक्य गेलं. आठवड्याभरात वाचकांची सात-आठ पत्रं आली. एकाने त्यांच्या कारकिर्दीतल्या सगळ्या घाईघाईच्या विकेटी मोजून लिहिल्या होत्या. ते वाक्य त्यांचं नव्हतं, माझं होतं. जागा भरायला मी ते घातलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही, वरिष्ठांनी ‘जाऊ दे’ म्हणून विषय मिटवला. ती पत्रं मात्र मला अजून आठवतात. एका माणसाने न म्हटलेल्या वाक्यासाठी त्याच्या उभ्या कारकिर्दीचा हिशेब मांडला गेला होता. तेव्हापासून टीका वाचताना मी आधी बघतो, ती वाक्यावर आहे की माणसावर.

करीम यांचा लिखाणाशी संबंध मात्र निवृत्तीनंतर जुळलेला नाही. १९६४ साली, सतराव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या तरुणांच्या एका उपक्रमात वार्ताहराचं काम शिकत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेला ते वही-पेन्सिल घेऊन हजर होते. त्याच उन्हाळ्यात हार्लेममध्ये दंगल उसळली, तीही त्यांनी जवळून पाहिली. पुढे ‘टाइम’, ‘गार्डियन’, ‘हॉलिवूड रिपोर्टर’ यांसारख्या ठिकाणी त्यांनी स्तंभ लिहिले आणि २०२१ पासून सबस्टॅक या ऑनलाइन व्यासपीठावर लिहायला लागले. लॉस एंजेलिस प्रेस क्लबच्या पुरस्कारांत सर्वोत्तम स्तंभलेखकाचा मान त्यांना एकाहून अधिक वेळा मिळाला आहे. म्हणजे तुम्ही एका कसलेल्या स्तंभलेखकावर लिहिताय. त्याला स्तंभलेखकाचीच मोजपट्टी लावा, त्यात त्याचाही मान आहे.

ती कशी लावायची? डेस्कवर माझी एक सवय होती. लेखाची छापील प्रत घ्यायची आणि प्रत्येक विधानापुढे समासात पेन्सिलीने एक अक्षर लिहायचं. लेखकाने स्वतः पाहिलेलं, भोगलेलं असेल तर ‘पा’. कुणालाही ताडून बघता येईल असं असेल तर ‘ता’. मत असेल तर ‘म’. माजी खेळाडूच्या लेखात गडबड होते ती बहुतेक वेळा या अक्षरांच्या सांध्यावर. ‘पा’ने कमावलेला विश्वास नकळत पुढच्या ‘ता’ला आणि ‘म’ला वापरला जातो. ‘मी तिथे होतो’ म्हणता म्हणता ‘म्हणून मी सांगतो तेच खरं’ कधी येतं, ते वाचकाला कळतही नाही. माझ्या मते माजी खेळाडूच्या स्तंभावर उपयोगाची टीका करायची जागा हीच.

उदाहरण त्यांच्याच आयुष्यातलं घेऊ. १९६७ साली अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर, म्हणजे उडी मारून चेंडू रिंगमध्ये वरून कोंबण्यावर, बंदी आली, ती थेट १९७६ पर्यंत राहिली. करीम, म्हणजे तेव्हाचे ल्यू अल्सिंडर, त्या वेळी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून खेळत होते आणि त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. बंदीचा त्यांच्या खेळावर काय परिणाम झाला, एका हाताने डोक्यावरून कमानीत टाकायचा हूक शॉट घोटवून घ्यायला त्यांना कसं भाग पडलं, हे ‘पा’ आहे. त्यावर वाद घालायला तुम्ही-मी कोण? पण ती बंदी आपल्याला आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना रोखण्यासाठी होती, असं ते म्हणतात तेव्हा ते नियम करणाऱ्यांच्या मनातलं सांगत असतात. नियम समितीने कारण दिलं होतं दुखापतींचं आणि रिंगमागच्या मोडणाऱ्या बोर्डांचं. मला स्वतःला करीम यांचं म्हणणं पटतं, तो काळ बघता तर फारच पटतं. तरी हे ‘पा’ नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो मागणं म्हणजे त्यांचा अपमान करणं नव्हे.

आता ‘ता’. जुन्या सेंटरांच्या बोलण्यात एक सूर हमखास असतो: आजच्या पोरांना रिंगपाशी पाठ करून खेळता येत नाही, हूक शॉट कुणी शिकत नाही, सगळे लांबून फेकत बसतात. तुम्ही लिहिलंय की ही तक्रार ऐकली की तुमचं डोकं फिरतं. डोकं फिरू देऊ नका, कागद घ्या. लीगमध्ये थ्री-पॉइंटर साधारण शंभरात छत्तीस पडतात. छत्तीस गुणिले तीन, म्हणजे शंभर फटक्यांत १०८ गुण. रिंग आणि रेषा यांच्या मधल्या पट्ट्यातून फेकलेले दोन गुणांचे फटके शंभरात चाळीस-बेचाळीस पडतात, म्हणजे ८० ते ८४ गुण. प्रशिक्षक लांबून फेकायला का सांगतात, ते इथे कळतं. त्यातच २००१-०२ पासून एनबीएने झोन बचावाला, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी जागा राखण्याला, मुभा दिली, त्यामुळे रिंगपाशी उभ्या सेंटरभोवती दोघा-तिघांनी गर्दी करणं सोपं झालं.

इथवर आलात की तुम्हाला वाटेल, जिंकलो. थांबा. करीम यांची कारकिर्दीतली फटक्यांची टक्केवारी ५५.९ आहे. गुणिले दोन, म्हणजे शंभर फटक्यांत जवळजवळ ११२ गुण. आजच्या सरासरी थ्री-पॉइंटरपेक्षा जास्त. तो हूक शॉट त्यांच्या हातात आजही परवडला असता! मग चूक कुठे होते? ‘मला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल’ या उडीत. आपल्या अपवादालाच नियम समजणं हा थोर खेळाडूंच्या लिखाणातला मोठा दोष आहे, कारण त्यांना आतून ते अपवाद वाटतच नाही, ती त्यांची रोजची सवय असते. टीका इथे, या मुद्द्यावर आणि या आकड्यांनिशी केलीत तर ती करीम यांच्याच नव्हे, असं म्हणणाऱ्या कुठल्याही माजी सेंटरच्या उपयोगाची ठरेल. त्यात त्यांचा एकमेव थ्री-पॉइंटर आणायची गरजच उरत नाही.

आता तुमचा मुख्य विषय, लेब्रॉन. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे माझंही मत आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये लेब्रॉनने इन्स्टाग्रामवर स्पायडरमॅनचं चित्र टाकलं. सर्दी, फ्लू आणि कोविड असे तीन स्पायडरमॅन एकमेकांकडे बोट दाखवतायत, म्हणजे सगळे सारखेच. त्याआधी सप्टेंबरमध्ये त्याने स्वतः लस घेतल्याचं सांगितलं होतं, पण इतरांनी घ्यावी म्हणून सांगत फिरणं आपलं काम नाही, असंही म्हटलं होतं. करीम यांनी सबस्टॅकवर त्या चित्राला उत्तर दिलं. तुम्ही या लेखाला ‘शिक्षकाची छडी’ म्हटलंय. मी पेन्सिल घेऊन तो पुन्हा वाचला. सुरुवातीला लेब्रॉनच्या कामाचं मनापासून कौतुक आहे. मग फ्लूच्या आणि कोविडच्या मृत्यूंचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत. म्हणजे भरपूर ‘ता’. ‘मी सहा वेळा हंगामातला सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) होतो म्हणून माझं ऐक’ अशी भाषा नाही. स्तंभलेखन म्हणून हा भाग चोख आहे, आणि तुमच्या टीकालेखात तसं म्हणायला हवं.

मला खटकतं ते त्याच्या मुळाशी असलेलं गृहीत. नामवंत खेळाडूने समाजाच्या प्रश्नावर नुसतं बोलू नये, नीट अभ्यास करून बोलावं आणि बोलणं ही त्याची जबाबदारीच आहे, असा करीम यांचा आग्रह असतो. हा आग्रह कुठून आला ते समजून घ्या. ४ जून १९६७ रोजी क्लीव्हलँडला बिल रसेल, जिम ब्राउन आणि इतर नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू मुहम्मद अलीच्या पाठीशी उभे राहायला जमले. अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता. त्या टेबलाशी वीस वर्षांचा कॉलेजचा एक मुलगा बसला होता, तो हा. पुढच्याच वर्षी हा मुलगा मेक्सिकोच्या ऑलिंपिकला गेला नाही. १९७१ मध्ये त्याने जाहीरपणे नाव बदललं. या सगळ्याची किंमत त्याने मोजली आहे. एवढी किंमत मोजलेला माणूस पुढच्या पिढीकडे बघतो तेव्हा त्याच्या हातात १९६७ ची मोजपट्टी असणारच.

पण ती मोजपट्टी प्रत्येकाला लावावी का? जो बोलतो त्याला ‘चुकीचं बोललास’ म्हणणं वेगळं आणि जो गप्प राहतो त्याला ‘तू बोलायलाच हवं होतंस’ म्हणणं वेगळं. पहिल्याला आकडे पुरतात. दुसऱ्यासाठी युक्तिवाद लागतो. तो युक्तिवाद लेखात आहे का, की ‘आम्ही केलं’ एवढ्यावर भागवलं आहे, हे तुम्ही एकेका लेखात शोधा. जिथे युक्तिवाद नुसता गृहीत धरलेला दिसेल तिथे वाक्य उद्धृत करा आणि लिहा. तुम्हाला उपदेश वाटतो तो नेमका तिथून येतो.

याच्या उलट, हा माणूस त्याच मोजपट्टीने स्वतःलाही मोजतो, हे तुमच्या मसुद्यात कुठेच नाही. ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉनने त्यांचा गुणांचा विक्रम मोडला. करीम कोर्टच्या कडेलाच बसले होते, उठून आत गेले आणि चेंडू त्याच्या हाती सुपूर्द केला. नंतर त्यावर त्यांनी लेख लिहिला. आपल्या दोघांत स्नेह जुळला नाही याचा दोष त्यांनी त्यात स्वतःकडे घेतला, आपण पुढे होऊन हात द्यायला हवा होता अशा अर्थाचं लिहिलं. एकोणचाळीस वर्षं जवळ असलेला विक्रम गेल्यावर असं लिहायला मन मोठं लागतं. हा लेख वगळून ‘लेब्रॉनवरचं करीम यांचं लेखन’ असा लेख लिहिलात तर जाणकार वाचक तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

मित्रांच्या ‘पायरी’च्या मुद्द्याला एक उदाहरण पुरे. सप्टेंबर २०१५ मध्ये करीम यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर टीका केली. ट्रम्प यांनी त्याच लेखाच्या प्रतीवर जाड पेनाने उत्तर लिहून पाठवलं. वर्तमानपत्रवाले तुझ्याशी वाईट का वागायचे ते आता कळलं, तू त्यांना सहनच व्हायचा नाहीस, अशा आशयाचं. लेखातल्या मुद्द्याला त्यात उत्तर नव्हतं. ट्रम्प यांच्याबद्दल तुमचं मत काहीही असो, टीकेचा हा नमुना ओळखून ठेवा. तुमचं थ्री-पॉइंटरचं वाक्य याच जातीचं आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पॉल शर्लीचं. तो एनबीएत थोडाच काळ टिकला, पण बाकावर बसून पाहिलेलं फार छान लिहायचा, त्यावरच त्याला ईएसपीएनकडे लिहायची संधी मिळाली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाल्यावर, मदत का करावी, असा निष्ठुर लेख त्याने दुसरीकडे लिहिला आणि ईएसपीएनने त्याच्याशी संबंध तोडले. त्याच्यावर लिहिताना ‘हा कसला खेळाडू’ म्हणणं किती सोपं होतं! पण त्या लेखातला दोष त्याच्या खेळात नव्हता. थोर खेळाडूचं लिखाण त्याच्या खेळामुळे तरत नाही, आणि सामान्य खेळाडूचं त्याच्या खेळामुळे बुडतही नाही.

थोडक्यात, लिहायला बसण्याआधी एवढं करा. लेख तारखेनिशी जमवा, बोललेलं बाजूला काढा. पेन्सिलीने पा, ता, म लावा. ‘पा’ला हात लावू नका, ‘ता’ ताडून बघा, ‘म’शी वाद घाला, आणि एकातून दुसऱ्यात उडी जिथे पडते तिथे बोट ठेवा. जे चांगलं आहे ते चांगलं म्हणताना हात आखडू नका.

आणि पहिलं वाक्य बदला. मी असं सुचवेन: ‘बोलणाऱ्या खेळाडूला करीम अब्दुल-जब्बार आकडे देऊन उत्तर देतात, न बोलणाऱ्याला मात्र ते १९६७ साल देतात.’ यातला दुसरा भाग खरा आहे की नाही ते मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही, ते तुम्हाला त्या दहा-बारा लेखांतून दाखवावं लागेल. दाखवता आलं नाही तर वाक्य खोडा आणि जे सापडलं ते लिहा. मसुदा पुढे गेला की मला पाठवा, समासात पेन्सिलीने खुणा करून परत देईन.